टूल आधी, एजंट नंतर

एआय एजंट बांधायला शिकवणारे लेखन बहुधा एकाच छापाचे असते. अमुक पॅकेज इन्स्टॉल करा, एपीआय की भरा, या दहा ओळी चिकटवा, की झाला एजंट तयार. यात खोटे काही नाही. दहा ओळींत एजंट खरोखरच बोलू लागतो. फसगत होते ती त्यानंतर. तो छातीठोकपणे चुकीचे उत्तर देतो तेव्हा चूक कुठे झाली हे त्या दहा ओळींकडे बघून कळत नाही. मग नवशिका प्रॉम्प्टमध्ये आणखी चार सूचना घालतो, नाहीतर हातातले एसडीके, म्हणजे एजंट बांधण्याचा तयार साधनसंच, सोडून दुसरे धरतो. दोन्हींचा उपयोग थोडाच. या प्रकरणाचे म्हणणे असे की सुरुवात करणाऱ्याने आपला वेळ एजंटच्या हाती द्यायच्या टूल्सवर आणि त्यांचा वापर बरोबर झाला का हे तपासण्यावर घालावा. एसडीकेची निवड ही त्यामानाने किरकोळ बाब आहे. ओपन सोर्स एसडीके घ्यावे तेही फुकट मिळते म्हणून घेऊ नये. ते उघडून वाचता येते, आणि चूक कुठे झाली हे शोधायला ते वाचावेच लागते, हे त्याचे खरे कारण.

एजंट या शब्दाभोवती अकारण धुके आहे, ते आधी दूर करू. भाषा-मॉडेल स्वतः काहीच करत नाही. त्याला मजकूर द्यावा, ते पुढचा मजकूर देते. एजंट म्हणजे त्या मॉडेलभोवती लिहिलेला एक साधा प्रोग्राम. तो मॉडेलला काम सांगतो आणि सोबत उपलब्ध टूल्सची, म्हणजे मॉडेलला मागवता येणाऱ्या फंक्शन्सची, यादी देतो. मॉडेल एक तर अंतिम उत्तर देते, नाहीतर ‘हे टूल या माहितीसह चालवा’ असे ठरलेल्या साच्यात लिहून देते. प्रोग्राम ते टूल चालवतो, आलेला निकाल संभाषणाला जोडतो आणि सगळे पुन्हा मॉडेलकडे पाठवतो. अंतिम उत्तर येईपर्यंत किंवा फेऱ्यांची मर्यादा संपेपर्यंत हे चक्र चालते. ऑक्टोबर 2022 मध्ये शुन्यू याओ आणि त्यांच्या प्रिन्स्टन व गूगलमधील सहकाऱ्यांनी ‘रिॲक्ट’ या शोधनिबंधात ही रचना मांडली, तेव्हा विकिपीडियावरून प्रश्न सोडवणाऱ्या त्यांच्या एजंटकडे फक्त तीन क्रिया होत्या: पान शोधणे, पानात एखादा शब्द शोधणे आणि उत्तर देऊन थांबणे. जून 2023 मध्ये ओपनएआयने ‘फंक्शन कॉलिंग’ आणले आणि टूल मागवण्याचा साचा मॉडेलच्या अंगातच मुरला. तोवर मॉडेलच्या गद्यातून आज्ञा वेचून काढावी लागे. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आलेल्या ऑटो-जीपीटीने मोठी खळबळ उडवली होती. एक ध्येय सांगा आणि निवांत बसा, असा त्याचा बोलबाला होता. प्रत्यक्षात ते बऱ्याचदा त्याच त्या पायऱ्यांभोवती फिरत राही आणि बिल मात्र वाढत जाई. चक्र तिथेही हेच होते. कमी पडत होते ते चक्राच्या बाहेरचे.

चक्र इतके साधे असूनही एसडीकेंची आज रांग लागली आहे. लँगचेन ऑक्टोबर 2022 चे. हगिंग फेसने डिसेंबर 2024 च्या अखेरीस स्मोलएजंट्स आणले. ओपनएआयचे एजंट्स एसडीके मार्च 2025 मध्ये, गूगलचे एजंट डेव्हलपमेंट किट एप्रिलमध्ये आणि ॲमेझॉनचे स्ट्रँड्स मे महिन्यात आले. परवाने एमआयटी किंवा अपाचे 2.0 असे सैल, म्हणजे धंद्यासाठी वापरायलाही आडकाठी नाही. प्रत्येकाचे शब्द वेगळे, पण पोटात तेच चक्र, टूल जाहीर करण्याची एक पद्धत आणि काय घडले याची नोंद ठेवण्याची सोय. इथे स्मोलएजंट्स धरून चालू, कारण त्याच्या कर्त्यांनी एजंटचा गाभा सुमारे 1,000 ओळींत ठेवल्याचे सांगितले आहे आणि पायथन जुजबी येणाऱ्या माणसालाही तो गाभा सुट्टीच्या दोन दिवसांत वाचून संपवता येतो. दुसरे एखादे निवडले तरी पुढचे विवेचन बदलत नाही. ते बदलत नाही, हाच तर इथला मुद्दा आहे.

टूल्सना एवढे वजन का द्यायचे, याचा भक्कम पुरावा प्रोग्रामिंगच्या क्षेत्रातून येतो. प्रिन्स्टनच्याच मंडळींनी ऑक्टोबर 2023 मध्ये ‘एसडब्ल्यूई-बेंच’ नावाची चाचणी प्रसिद्ध केली. पायथनच्या 12 ओपन सोर्स प्रकल्पांतल्या 2,294 खऱ्याखुऱ्या तक्रारी. मॉडेलने कोड बदलून त्या सोडवायच्या. तेव्हाच्या उत्तम निकालात क्लॉड 2 ने 1.96 टक्के सोडवल्या. पुढच्या वर्षी त्याच गटाने ‘एसडब्ल्यूई-एजंट’ बांधला आणि जीपीटी-4 च्या जोरावर साडेबारा टक्क्यांच्या जवळ पोहोचला. मॉडेल बदलले होते, त्याला एजंटचे चक्रही मिळाले होते, तेव्हा सगळे श्रेय टूल्सना देता येणार नाही. पण त्यांनी आणखी एक तुलना केली होती: तेच मॉडेल, तेच चक्र, मात्र हाती नुसती लिनक्सची शेल. निकाल बराच खाली आला. फरक पाडणाऱ्या गोष्टी अगदी घरगुती होत्या. फाइल दाखवणारे टूल एका वेळी 100 ओळीच दाखवी, म्हणजे मॉडेल मजकुराखाली गाडले जात नसे. आणि कोड बदलणारे टूल बदलात व्याकरणाची चूक आढळली की तो बदल नाकारून कारण सांगे. अँथ्रोपिकच्या अभियंत्यांनी डिसेंबर 2024 मध्ये लिहिलेल्या एका लेखात असाच अनुभव येतो: याच चाचणीसाठी एजंट बांधताना त्यांचा प्रॉम्प्टपेक्षा टूल्स घासण्यात अधिक वेळ गेला. फोल्डर बदलल्यावर मॉडेल सापेक्ष पत्ता देऊन चुके. टूलने पूर्ण पत्ताच मागायचा असे ठरवले, आणि ती चूक थांबली. ‘पूर्ण पत्ता लिहीत जा’ ही सूचना प्रॉम्प्टमध्ये घालण्यापेक्षा चुकायला जागाच न ठेवणे स्वस्त पडले.

आता आपल्याकडचा एक विषय घेऊ: कांद्याचे भाव. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ बाजार समित्यांचे रोजचे आकडे प्रसिद्ध करते. जात, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे त्याचे रकाने असतात. लासलगावचा भाव रोज दुपारी फोनवर यावा एवढीच गरज असेल तर एजंट बांधू नये. ठरल्या वेळी चालणारा वीस ओळींचा प्रोग्राम ते काम न चुकता आणि जवळजवळ फुकट करील. अँथ्रोपिकच्या त्याच लेखात पायऱ्या आधीच ठरलेले काम आणि पायऱ्या मॉडेलने ठरवायचे काम असा भेद केला आहे, आणि पहिल्याने भागत असेल तर दुसऱ्याच्या वाटेला जाऊ नका असा सल्ला आहे. एजंट विकणाऱ्या बाजारात हा सल्ला कमी ऐकू येतो. पण प्रश्न असा असेल: ‘गेल्या वर्षी याच आठवड्यात पिंपळगावला आवक किती होती, यंदा वाढली का, आणि वाढली असेल तर लासलगावचा भाव तिच्याबरोबर उतरला का?’ इथे किती वेळा आकडे काढायचे, कोणत्या तारखा घ्यायच्या, मध्येच एखादा दिवस कोरा निघाला तर शेजारचा दिवस धरायचा का, हे आधी लिहून ठेवता येत नाही. पुढचा प्रश्न आणखी वेगळा असणार. अशा कामाला एजंट शोभतो.

यासाठीचे पहिले टूल कसे लिहिले जाते ते पाहण्यासारखे आहे. नवशिक्याच्या हातून सहसा असे फंक्शन उतरते: बाजाराचे नाव घ्या, भाव परत करा. समजा, त्याने 1800 हा आकडा परत केला. हा क्विंटलचा भाव आहे हे आकड्यावर लिहिलेले नाही, त्यामुळे शहरी ग्राहकाने किलोत विचारले तर मॉडेल काहीही करू शकते. हा लाल कांद्याचा की उन्हाळ कांद्याचा, कळत नाही. दोन हंगामांच्या संधिकाळात दोन्ही एकाच दिवशी बाजारात असतात आणि भावात अंतर असते. सर्वसाधारण दर म्हणजे ज्या भावाने अधिकतर माल गेला तो दर. हे सांगितले नाही तर मॉडेल किमान आणि कमाल यांची बेरीज करून दोनने भागेल आणि त्याला सरासरी म्हणेल, ऐकणाऱ्यालाही ते खरे वाटेल. नावांचा घोळ वेगळाच. यादीत ‘लासलगाव’ आहे, ‘लासलगाव - निफाड’ आहे आणि ‘लासलगाव - विंचूर’ही आहे, ‘पिंपळगाव बसवंत’ आहे आणि ‘पिंपळगाव(ब) - सायखेडा’ही. नुसते ‘पिंपळगाव’ म्हटल्यावर कोणते समजायचे? आणि सर्वांत घातक चूक सुट्टीच्या दिवसाची. लिलाव बंद असताना फंक्शन शून्य परत करत असेल, तर एजंट निर्विकारपणे सांगेल की त्या दिवशी कांद्याचा भाव शून्यावर आला, आणि वर त्याची कारणमीमांसाही करील. मॉडेलला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला दिलेली माहितीच तशी होती.

नेटके टूल बाजाराचे नाव यादीतल्या नावांपैकीच मागते, आणि नाव जुळले नाही तर जवळची नावे सुचवून चूक परत पाठवते. तारीख वर्ष, महिना, दिवस अशा एकाच क्रमाने घेते, म्हणजे 3 एप्रिल आणि 4 मार्च यांची गल्लत होत नाही. परत देताना नुसता आकडा देत नाही. बाजार, तारीख, जात, ‘रुपये प्रति क्विंटल’ आणि तिन्ही दर असे एक छोटे वाक्य किंवा नोंद देते. लिलाव नसेल तर ‘या तारखेची नोंद नाही, याआधीची शेवटची नोंद अमुक तारखेची’ असे स्पष्ट शब्दांत सांगते. स्मोलएजंट्समध्ये साध्या पायथन फंक्शनच्या डोक्यावर टूलची खूण लावली की ते टूल होते, पण अट अशी की प्रत्येक इनपुटचा प्रकार आणि त्याचे वर्णन लिहिलेले हवे. नसेल तर ते फंक्शन स्वीकारलेच जात नाही. ही अट पहिल्यांदा जाचक वाटते. तिचे कारण सोर्स उघडला की दिसते: फंक्शनचे नाव, प्रकार आणि हे वर्णनच सिस्टिम प्रॉम्प्टमध्ये जाऊन बसते, फंक्शनच्या आतला कोड मॉडेलला कधीच दिसत नाही. म्हणजे आपण ज्याला टिप्पणी समजून उरकून टाकतो, तेवढ्यावरच मॉडेलने टूलची पारख करायची असते. तसेच, टूलमधून उठलेली चूक एजंटच्या पुढच्या फेरीत मॉडेलपुढे ठेवली जाते. तिथे तांत्रिक बडबड असेल तर मॉडेल अंदाज लढवते. ‘पिंपळगाव हे नाव सापडले नाही, पिंपळगाव बसवंत म्हणायचे आहे का?’ असे असेल तर ते पुढच्या फेरीत स्वतःला दुरुस्त करते. सुरुवातीला हे आकडे थेट संकेतस्थळावरून ओढण्याचा हट्टही नको. महिनाभराचे आकडे एका सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून त्यावर टूल चालवावे, म्हणजे चूक एजंटची की नेटवर्कची हा वाद उरत नाही.

कोड वाचता येण्याचा फायदा एका साध्या प्रश्नातून कळतो: फेऱ्यांची मर्यादा संपली तर काय होते? स्मोलएजंट्समध्ये मर्यादा मुळात 20 पायऱ्यांची आहे, आणि ती संपली की चक्र थांबते पण एजंट गप्प बसत नाही. आतापर्यंत जे हाती आले त्यावरून अंतिम उत्तर दे, असे मॉडेलला सांगितले जाते. ओपनएआयच्या एसडीकेत आपण काही बदलले नाही तर 10 फेऱ्यांनंतर प्रोग्राम चूक उठवून थांबतो. दोन्ही निर्णयांमागे तर्क आहे. पण कांद्याच्या एजंटने अर्धेच आकडे गोळा करून पूर्ण भासणारे उत्तर दिले, तर ते कुठून आले हे पहिला प्रकार माहीत नसलेल्याला उमगणार नाही. दुसरे उदाहरण गोपनीयतेचे. ओपनएआयच्या एसडीकेत एजंटच्या प्रत्येक हालचालीची नोंद आपोआप होते आणि ती कंपनीच्या डॅशबोर्डवर जाते; नको असेल तर आपल्याला बंद करावी लागते. यात लपवाछपवी नाही, दस्तऐवजात ते लिहिलेले आहे. तरीही ग्राहकांचे फोन नंबर हाताळणारा एजंट बांधणाऱ्याने ही नोंद कुठे जाते हे पहिल्याच दिवशी पाहायला हवे. ओपन सोर्सचा फायदा असा की त्यासाठी कुणाच्या शब्दावर विसंबावे लागत नाही.

मराठी वाचकासाठी इथे पैशाचा एक हिशेब महत्त्वाचा आहे. मॉडेलचे बिल टोकनांवर, म्हणजे मजकुराच्या छोट्या तुकड्यांवर, ठरते, आणि चक्राच्या प्रत्येक फेरीत मागचे सगळे संभाषण पुन्हा पाठवले जाते. दहाव्या फेरीत पहिल्या नऊ फेऱ्यांचा भार असतोच. काही कंपन्या पुन्हा येणाऱ्या मजकुराला सवलत देतात, पण भार शून्य होत नाही. त्यात देवनागरी मजकूर जुन्या मॉडेलांमध्ये फार बारीक तुकड्यांत मोडत असे. मे 2024 मध्ये जीपीटी-4ओ आले तेव्हा ओपनएआयनेच नमुना दिला होता: मराठीतला जो छोटा मजकूर आधी 96 टोकन खाई, त्याला आता 33 पुरतात. सुधारणा मोठी आहे, पण मॉडेलागणिक हे प्रमाण बदलते, म्हणून मराठी एजंट बांधणाऱ्याने आपल्याच मजकुरावर मोजणी करावी. टूलने पन्नास बाजार समित्यांची पूर्ण यादी परत करायची की विचारलेली एकच ओळ, हा प्रश्न अशा वेळी नीटनेटकेपणाचा राहत नाही, तो थेट खिशाचा होतो.

यावर पहिला आक्षेप असा की चक्र एवढे साधे असेल तर एसडीके हवेच कशाला, स्वतःच लिहावे. आक्षेप रास्त आहे. एसडब्ल्यूई-एजंटच्याच मंडळींनी 2025 मध्ये ‘मिनी’ नावाची आवृत्ती काढली. सुमारे 100 ओळींचा पायथन कोड, आणि टूल म्हणून फक्त बॅश शेल. त्याच चाचणीच्या 500 निवडक तक्रारींच्या आवृत्तीवर तिने आरंभीच 65 टक्क्यांची मजल मारली. तेव्हा प्रत्येकाने एकदा तरी हे चक्र हाताने लिहावे, हे मान्य. पण त्यानंतर उत्तर तुकड्यातुकड्यांनी दाखवणे, नेटवर्क तुटल्यावर पुन्हा प्रयत्न करणे, एका कंपनीचा संदेशाचा साचा दुसरीच्या साच्यात बसवणे, फेऱ्यांची नोंद ठेवणे ही कंटाळवाणी कामे उरतात, आणि ती दुसऱ्याने केलेली असतील तर घ्यावीत. एसडीकेचे मोल तेवढेच आहे, आणि तेवढे पुरेसे आहे.

‘मिनी’चा दाखला याहून अवघड आक्षेपालाही बळ देतो. नुसत्या शेलवर जर 65 टक्के येत असतील, तर 2024 मध्ये घासूनपुसून केलेल्या त्या खास टूल्सचे काय झाले? चांगले मॉडेल आले आणि ती निरुपयोगी ठरली, मग कांद्याचे टूल एवढे जपून लिहायचे कशाला? या आक्षेपात तथ्य आहे आणि ते टाळू नये. मॉडेलच्या हाताळणीतला कमकुवतपणा झाकण्यासाठी लिहिलेला भाग खरोखरच वर्षा-दोन वर्षांत जुना होतो. असा कोड जन्मभर सांभाळायचा नसतो. पण शेल हे मॉडेलने प्रशिक्षणात लाखो ठिकाणी पाहिलेले टूल आहे, आणि कोड चालतो की नाही हे कोड चालवूनच कळते. पणन मंडळाच्या रकान्यांना दोन्ही गोष्टी लागू होत नाहीत. रिकामी नोंद म्हणजे लिलाव बंद की माहितीच भरलेली नाही, हे मॉडेल कितीही हुशार झाले तरी त्या आकड्यांत नसलेले ज्ञान आहे. ते बाजार ओळखणाऱ्या माणसाकडूनच यावे लागते. टूलमध्ये हाताळणीच्या क्लृप्त्या कमी ठेवाव्यात, विषयाचे ज्ञान मात्र पुरेपूर भरावे. पहिले झिजते, दुसरे टिकते.

हे सगळे जमले की नाही हे कसे ओळखायचे? दोन-चार प्रश्न विचारून, उत्तरे बरी वाटली म्हणून नव्हे. साधे गणित करून पाहावे. प्रत्येक पायरी बरोबर पडण्याची शक्यता 95 टक्के धरली आणि काम 20 पायऱ्यांचे असले, तर सगळ्या पायऱ्या बरोबर पडण्याची शक्यता जेमतेम 36 टक्के उरते. प्रत्यक्षात एजंट मधल्या चुका सुधारू शकतो, म्हणून चित्र इतके काळे नाही, पण डेमो आणि रोजचा वापर यांतले अंतर कुठून येते ते यावरून कळते. सिएरा या कंपनीने जून 2024 मध्ये ‘टाऊ-बेंच’ ही ग्राहकसेवेची चाचणी काढली, तिचा निकाल बोलका आहे. तेव्हाचे जीपीटी-4ओ निम्म्याहून कमी कामे पुरी करू शकले. आणि दुकानाशी संबंधित तेच काम आठ वेळा दिले तर आठही वेळा बरोबर करण्याचे प्रमाण 25 टक्क्यांच्या आत होते. त्यानंतरची मॉडेल्स सरस आहेत, पण मोजण्याची ही रीत घेण्याजोगी आहे. वीस-तीस प्रश्न लिहून काढावेत, ज्यांची उत्तरे हाताने पडताळली आहेत. त्यांत सुट्टीचा दिवस हवा, अर्धवट नाव हवे, आकडेवारीत नसलेली जात हवी आणि ‘हे मला सांगता येत नाही’ हेच बरोबर उत्तर असलेला प्रश्नही हवा. प्रत्येक प्रश्न चार-पाचदा विचारावा. दुसरे टूल जोडण्याआधी, मॉडेल बदलण्याआधी, प्रॉम्प्टला हात लावण्याआधी ही यादी पुन्हा चालवावी. यादीच्या निकालात दिसत नाही ती सुधारणा निव्वळ समजूत असते.

एसडीके खुले असले तरी मॉडेल कंपनीच्या कुलुपात असते, मग यात खुले ते काय, असेही विचारले जाते. अर्धे उत्तर असे की आता खुल्या वजनांची मॉडेल्स आहेत: मेटाचे लामा, अलिबाबाचे क्वेन, ऑगस्ट 2025 मध्ये ओपनएआयनेही अपाचे परवान्याखाली दिलेले जीपीटी-ओएसएस. ओलामासारख्या प्रोग्रामने ती स्वतःच्या संगणकावर चालवता येतात, आणि स्मोलएजंट्समध्ये मॉडेल बदलणे ही एका ओळीची गोष्ट आहे. उरलेले अर्धे उत्तर कमी सुखाचे आहे. साध्या लॅपटॉपवर मावणारी छोटी मॉडेल्स टूलचे नाव किंवा साचा अधिक वेळा चुकतात, आणि लांबलेल्या कामात वाट सोडतात. वर सांगितलेली प्रश्नांची यादी हाती असेल तर हा तोटा आपल्या कामापुरता किती, ते मोजता येते. नसेल तर दोन्ही बाजूंनी नुसती मते असतात.

आता सुरक्षेविषयी, कारण इथे चुकीची किंमत मोठी आहे. स्मोलएजंट्सचा मुख्य प्रकारचा एजंट टूल मागवताना पायथन कोड लिहितो आणि तो कोड आपल्या संगणकावर चालतो. त्याचा स्थानिक इंटरप्रिटर मोजक्याच लायब्रऱ्यांना परवानगी देतो, पण ती सुरक्षेची पूर्ण भिंत नाही, असे त्याच्या कर्त्यांनीच बजावले आहे. बाहेरचा मजकूर वाचणारा एजंट डॉकरसारख्या बंदिस्त जागेत चालवावा. कारण मॉडेलला आपली सूचना आणि वाचलेल्या पानातला मजकूर यांत पक्का भेद करता येत नाही. प्रोग्रामर सायमन विलिसन यांनी या दोषाला सप्टेंबर 2022 मध्ये ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ असे नाव दिले, आणि जून 2025 मध्ये तीन गोष्टी एकत्र येऊ देऊ नका असे बजावले: खासगी माहिती, परका मजकूर आणि बाहेर काही पाठवण्याची सोय. कांद्याच्या एजंटला शेतकऱ्यांची वही दिली, वेब वाचायला दिले आणि मेसेज पाठवायचे टूलही दिले की तिन्ही जुळून येतात. प्रॉम्प्टमध्ये ताकीद देऊन हे भागत नाही. जुलै 2025 मध्ये रेप्लिट या कंपनीच्या कोड लिहिणाऱ्या एजंटने, काहीही बदलू नकोस असे सांगितलेले असताना, एका वापरकर्त्याचा चालू डेटाबेस पुसून टाकला. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली आणि चाचणीचा व चालू डेटाबेस वेगळे करण्याचे पाऊल उचलले. तिथेही इलाज शब्दांत सापडला नाही, तो अधिकार काढून घेण्यात सापडला. पहिल्या एजंटला फक्त वाचण्याची टूल्स द्यावीत. लिहिण्याचे, पाठवण्याचे, पैसे हलवण्याचे टूल द्यायची वेळ आलीच, तर त्या टूलच्या आत माणसाच्या होकाराची पायरी ठेवावी.

अनेक एजंट एकमेकांशी बोलत काम करतात, एक व्यवस्थापक, एक संशोधक, एक तपासनीस, अशी चित्रे सध्या फार दिसतात आणि प्रत्येक एसडीके तशी सोय देते. सुरुवातीला तिकडे फिरकू नये. एका एजंटची चूक शोधायला एक नोंद वाचावी लागते. तिघांची शोधायला तीन नोंदी आणि त्यांच्यातला संवाद, आणि तोपर्यंत टूलमधला शून्याचा घोळ तिथेच पडून राहतो. या प्रकरणातला एजंट लिहायला एक सुट्टीचा दिवस पुरतो. वीस प्रश्नांची यादी करायला मात्र बाजार समितीत रोज जाणाऱ्या माणसाशी बोलावे लागते. ती यादी आधी करा.